बोलणारे किती आणि समजणारे किती: इन्युपियाक भाषेच्या प्रश्नाचा आढावा

अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावरची इन्युपियाक भाषा किती लोक बोलतात, या साध्या प्रश्नाला तीन वेगळी उत्तरे मिळतात. अलास्कातील भाषांची मोजदाद आयुष्यभर करणारे भाषाशास्त्रज्ञ मायकेल क्राउस यांनी २००७ साली दिलेला आकडा २,१४४ होता. त्यांनीच उभी केलेली फेअरबँक्सची संस्था, अलास्का नेटिव्ह लँग्वेज सेंटर, हीच संख्या सुमारे ३,००० सांगते. अमेरिकेच्या जनगणना खात्याच्या २००६ ते २०१० या काळातील पाहणीत मात्र घरी ही भाषा बोलणारे साडेपाच हजारांच्या वर निघाले. एवढी तफावत चुकीच्या गणितातून येत नाही, ती प्रश्नातून येते. जनगणनेची पाहणी विचारते की घरी इंग्रजीखेरीज दुसरी भाषा बोलली जाते का, कोणती, आणि माणसाला इंग्रजी कितपत येते. दुसरी भाषा कितपत येते, हे ती विचारतच नाही. त्यामुळे आईशी दिवसभर इन्युपियाकमधून बोलणारी साठीची बाई आणि ताट उचलताना आजीला ‘कुयानाक’, म्हणजे ‘आभारी आहे’, एवढेच म्हणणारा नातू, दोघेही एकाच रकान्यात बसतात. क्राउस यांच्या यादीत तो नातू नाही.

या तफावतीत एक तिसरा माणूस लपलेला आहे आणि या लेखाचा रोख त्याच्याकडे आहे. तो चाळीस-पन्नाशीचा आहे. आईवडील आपापसांत काय बोलतात ते त्याला कळत आले, पण त्याच्याशी ते इंग्रजीतच बोलले. आज त्याला भाषा समजते, बोलता मात्र येत नाही, किंवा बोलायचा धीर होत नाही. इन्युपियाक भाषेविषयी गेली पन्नास वर्षे जी चर्चा चालू आहे, तिच्यात म्हाताऱ्यांचा आवाज टिपून ठेवण्यावर आणि बालवाडीत नवे बोलके तयार करण्यावर पुष्कळ विचार झाला. मधल्या पिढीवर त्या मानाने फार कमी. उपलब्ध पुरावा पाहता या प्रश्नाचा सांधा तिथेच आहे, असे मला वाटते. पण तिथे पोहोचण्याआधी पार्श्वभूमी पाहायला हवी.

माणसे, मुलूख आणि नाव

‘इन्युक’ म्हणजे माणूस आणि ‘पियाक’ म्हणजे खरा, अस्सल. एक माणूस इन्युपियाक, अनेक असतील तर इन्युपियात. दोनच असतील तर शेवटचा घशातला क साधा होतो, कारण या भाषेत द्विवचन जिवंत आहे. संस्कृत शिकताना आपल्याकडे ज्या द्विवचनाने मुले घायकुतीला येतात, ते तिथे रोजच्या बोलण्यात आहे: इग्लू म्हणजे एक घर, इग्लुक दोन, इग्लुत अनेक. इग्लू म्हणजे बर्फाचेच घर, ही समजूतही बाजूला ठेवावी. शब्दाचा अर्थ घर, मग ते लाकडाचे असो वा मातीचे. शब्द घडवण्याची पद्धत मात्र संस्कृतलाही मागे टाकणारी आहे. ‘तुत्तु’ म्हणजे कॅरिबू, रानटी रेनडिअर. त्याला शिकारीचा प्रत्यय लागतो, मग भविष्यकाळाचा, मग ‘मी’चा, आणि ‘तुत्तुसिउग्नियाक्तुंगा’ या एका शब्दात ‘मी कॅरिबूच्या शिकारीला जाणार आहे’ हे सगळे वाक्य येते. हा तपशील पुढे उपयोगी पडेल, कारण अशी भाषा शब्दांची यादी पाठ करून येत नाही.

इन्युपियात लोकांची वस्ती ढोबळमानाने तीन भागांत आहे. उत्तरेला आर्क्टिक महासागराला लागून असलेला नॉर्थ स्लोप, त्याच्या नैर्ऋत्येला कोट्झेब्यू आणि कोबुक नदीचा प्रदेश, आणि आणखी दक्षिणेला नोम व वेल्स ही गावे असलेला सेवर्ड द्वीपकल्प, समोरच्या बेरिंग सामुद्रधुनीतील बेटांसह. पहिल्या दोन भागांतील बोली एकमेकींना जवळच्या. सेवर्ड द्वीपकल्पाची बोली बरीच वेगळी, उत्तरेच्या माणसाला ती ऐकताना अडखळायला होते. ही सगळी अलास्कापासून कॅनडामार्गे ग्रीनलंडपर्यंत पसरलेल्या इन्युइट भाषांच्या साखळीतली पश्चिमेची कडी आहे. अलास्कातलीच युपिक भाषा चुलत घराण्यातली. ‘एस्किमो’ या शब्दाने या सगळ्यांना एका पोत्यात भरले जाई. कॅनडा आणि ग्रीनलंडमध्ये तो अपमानास्पद मानला जातो, २०१६ साली अमेरिकेने काही केंद्रीय कायद्यांतून तो काढला, पण अलास्कातील देवमाशाच्या शिकाऱ्यांच्या स्वतःच्या आयोगाच्या नावात तो आहे. बाहेरच्याने तो वापरू नये आणि घरच्याला तो टाकायला लावू नये, असा सध्याचा व्यवहार दिसतो.

नावांचा वाद किती बारीक असू शकतो हे पाहायचे तर उत्तर टोकाचे बॅरो हे गाव पाहावे. १८२६ साली ब्रिटिश नौदलाच्या फ्रेडरिक बीची यांच्या मोहिमेने जवळच्या भूशिराला नौदल खात्यातील सर जॉन बॅरो यांचे नाव दिले आणि पुढे गाव त्याच नावाने ओळखले गेले. ऑक्टोबर २०१६ मध्ये गावकऱ्यांनी मतदान करून जुने नाव परत घेतले: ३८१ विरुद्ध ३७५, म्हणजे सहा मतांनी. नाव ठरले उत्कियाग्विक. पण काहींचे म्हणणे असे की खरे नाव उक्पियाग्विक, पांढऱ्या घुबडांच्या शिकारीची जागा. गावाच्या स्थानिक कंपनीच्या नावातही हेच रूप होते. गोष्ट कोर्टापर्यंत गेली. इंग्रजी नाव काढण्यावरचा हा वाद पाहता पाहता इन्युपियाकमधल्याच दोन शब्दांवरचा झाला. भाषा मेली असती तर तो झाला नसता, एवढे खरे.

साखळी तुटली कशी

ही भाषा मुलांच्या तोंडून का गेली, याचे सर्वाधिक ऐकू येणारे उत्तर शाळा हे आहे, आणि त्याला भक्कम आधार आहे. रशियाने १८६७ साली अलास्का अमेरिकेला विकला. १८८५ साली प्रेस्बिटेरियन मिशनरी शेल्डन जॅक्सन अलास्काच्या शिक्षणाचे सरकारी प्रमुख झाले. त्यांनी निरनिराळ्या चर्चपंथांमध्ये प्रदेशाची वाटणी केली, आणि १८९० साली बॅरो व वेल्स इथे शाळा निघाल्या. शिक्षण फक्त इंग्रजीत. वर्गात मातृभाषा बोलल्याबद्दल मार खाल्ल्याच्या, तोंड साबणाने धुतल्याच्या आठवणी पुढच्या दोन पिढ्यांच्या मौखिक कथनांत पुन्हा पुन्हा येतात. गावात प्राथमिकपुढची शाळा नसे, म्हणून किशोरवयीन मुले शेकडो मैल दूरच्या वसतिगृहांत जात: सिट्काचे माउंट एजकम, किंवा थेट ओरेगॉन राज्यातील चेमावा. परत येत तेव्हा घरी आजोबांशी बोलायची भाषा अर्धी विसरलेली असे. अलास्कातील मूळनिवासी पालकांच्या दाव्यानंतर १९७६ साली तडजोड झाली आणि गावोगावी माध्यमिक शाळा निघू लागल्या. तोवर शाळेत शिक्षा झालेली मुले स्वतः आईबाप झाली होती, आणि ‘आमचे झाले ते आमच्या पोरांचे नको’ म्हणून घरात इंग्रजी बोलत होती.

पण केवळ शाळेने सगळे स्पष्ट होत नाही, आणि हा आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. इंग्रजी शाळा दक्षिणेच्या युपिक प्रदेशातही होत्या, तरी मध्य युपिक अलास्कातील सर्वांत बळकट मूळ भाषा राहिली. याची दोन कारणे मांडली जातात. एक म्हणजे चर्च: तिथल्या मोरेव्हियन आणि रशियन ऑर्थोडॉक्स पंथांनी प्रार्थना युपिकमधून चालवल्या. दुसरे म्हणजे भूगोल: युकोन आणि कस्कोक्विम नद्यांच्या मुखाशी पाणी उथळ, मोठी जहाजे येत नसत, देवमासे नव्हते, सोने फारसे नव्हते. उत्तरेला नेमके उलटे. १८४८ पासून अमेरिकी देवमासे-शिकारी जहाजे बेरिंग सामुद्रधुनी ओलांडून येऊ लागली. १८९८ साली नोमजवळ सोने सापडले आणि हजारो लोक किनाऱ्यावर उतरले. दुसऱ्या महायुद्धानंतर बॅरोला नौदलाची संशोधन प्रयोगशाळा आणि मग रडार ठाण्यांची बांधकामे आली, आणि रोख पगाराची कामे इंग्रजीतून होऊ लागली. या मताप्रमाणे पारडे शाळेपेक्षा बाजारपेठेने फिरवले. मात्र बेरिंग समुद्रातील सेंट लॉरेन्स बेट दोन्ही सिद्धान्तांच्या आड येते. तिथे शिकारी जहाजे आली, १८९४ पासून प्रेस्बिटेरियन शिक्षक होते, तरी तिथली सायबेरियन युपिक क्राउस १९९२ साली लिहीत होते तेव्हाही मुलांच्या तोंडी होती. अलास्काच्या वीस भाषांपैकी मुले शिकत असलेल्या अशा दोनच, ही एक आणि मध्य युपिक, असे त्यांनी तेव्हा नोंदवले. इन्युपियाक त्या दोहोंत नव्हती.

रोगराईचा घटक या चर्चेत थोडा मागे राहतो. १९०० साली गोवर आणि इन्फ्लुएन्झाची साथ एकत्र आली. नोव्हेंबर १९१८ मध्ये सेवर्ड द्वीपकल्पावरील आज ब्रेविग मिशन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्तीत ऐंशी प्रौढांपैकी बहात्तर पाच दिवसांत मेले. (त्या गोठलेल्या जमिनीतील मृतदेहांच्या मदतीने पुढे १९१८ च्या विषाणूची रचना उलगडली.) मोठी माणसे गेली आणि मुले मिशनच्या अनाथालयांत वाढली, तर भाषा कुणी शिकवायची? सेवर्ड द्वीपकल्पाची बोली उत्तरेपेक्षा लवकर क्षीण झाली, त्यात याचा वाटा असावा, असा अंदाज बांधता येतो. सगळी कारणे एकत्र पाहिली तर एक गोष्ट समान दिसते: प्रत्येकाने आजी-आजोबा आणि नातवंडे यांच्यामधला माणूस काढून घेतला, कधी मरणाने, कधी वसतिगृहाने, कधी नोकरीने.

किंग आयलंड हे याचे जवळून दिसणारे उदाहरण. बेरिंग समुद्रातील या खडकाचे स्थानिक नाव उगियुवाक. सरळ उभ्या कड्यावर लाकडी खांबांवर तोललेली घरे, खाली वालरसची शिकार, हस्तिदंतासारख्या वालरसच्या सुळ्यांवरचे कोरीवकाम. हिवाळा बेटावर आणि उन्हाळा नोमच्या किनाऱ्यावर, असे वर्षचक्र होते. १९५९ साली सरकारने बेटावरची शाळा बंद केली. मुलांना शाळेत घालायचे तर नोमला राहणे आले. काही वर्षांत बेट ओस पडले. इथे कुणी भाषेवर बंदी घातली नव्हती. शाळा हलवली, शाळेमागून घरे हलली, आणि बेटाची बोली नोमच्या इंग्रजी शहरात वेगळी पडली.

कागदावरची भाषा

भाषा टिपून ठेवण्याच्या बाबतीत इन्युपियाक दरिद्री नाही. बॅरोचे प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक रॉय अहमाओगाक यांनी १९४६ च्या सुमारास अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ युजीन नायडा यांच्या मदतीने रोमन लिपी तयार केली. तिच्यात या भाषेच्या खास ध्वनींसाठी टिंबे आणि शेपट्या लावलेली अक्षरे आहेत. पुढे सुधारत ती शाळांपर्यंत गेली. १९७२ साली राज्याच्या कायद्याने लँग्वेज सेंटर स्थापन झाले, त्याच वर्षी द्विभाषिक शिक्षणाचा कायदा झाला. सर्वांत मोठे काम बॅरोच्याच एडना अहगियाक मॅक्लीन यांचे. अनेक वर्षे खपून त्यांनी केलेला इन्युपियाक–इंग्रजी कोश २०१४ साली निघाला: हजाराहून अधिक पाने, सुमारे एकोणीस हजार नोंदी. प्रत्ययांचा स्वतंत्र विभाग त्यात आहे, कारण ज्या भाषेत एका मुळाला पाच प्रत्यय लागू शकतात, तिथे तयार शब्दांची यादी कधीच पुरी होणार नाही. शब्द नव्हे, शब्द करण्याची हत्यारे द्यावी लागतात.

इथे पहिला न सुटलेला वाद उभा राहतो: कोणती बोली? कोश, पाठ्यपुस्तके, संगणकावरचे अभ्यासक्रम बहुतेक नॉर्थ स्लोप किंवा कोबुक-कोट्झेब्यूच्या बोलीत आहेत. बोलके तिथे जास्त उरले, पैसाही तिथेच जास्त. प्रमाणभाषेच्या बाजूचे म्हणतात की तीन हजार बोलक्यांची भाषा अनेक बोलींत वाटली तर एकाही बोलीचे पुस्तक परवडणार नाही. विरुद्ध बाजूचे म्हणतात की वेल्सच्या मुलाला उत्तरेची बोली शिकवली तर त्याला गावच्या आजोबांचे बोलणे तरीही कळणार नाही, मग शिकवले ते कशासाठी? मराठी वाचकाला हा वाद परका वाटू नये. फरक इतकाच की आपल्याकडे प्रमाणभाषा नसती तरी बोली राहिल्या असत्या. तिथे दोन्हींपैकी एकच राहण्याची शक्यता आहे. वेल्सच्या लोकांनी २०१२ साली एक वेगळे उत्तर दिले: विंटन वेयापुक आणि मानववंशशास्त्रज्ञ इगोर क्रुपनिक यांनी गावच्या बोलीतील समुद्रबर्फाच्या शंभराहून अधिक संज्ञांचा सचित्र कोश केला. सगळी भाषा नाही, पण जी त्याच किनाऱ्यावर लागते ती.

त्या कोशाने एक जुना विनोदही थोडा दुरुस्त केला. ‘एस्किमोंना बर्फासाठी शंभर शब्द’ ही गोष्ट अतिशयोक्त असल्याचे लॉरा मार्टिन आणि जेफ्री पुलम यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले. मूळ नोंद फ्रान्झ बोआस यांची, १९११ ची, आणि तिच्यात मूळ शब्द होते चार. पुलम यांचे म्हणणे भाषाशास्त्र म्हणून बरोबर आहे: प्रत्ययांनी शब्द वाढवायचे तर शंभर काय, हजार होतील. पण समुद्रबर्फावर चालणाऱ्या माणसाच्या संज्ञा हा व्यावसायिक कोश आहे, सुताराच्या हत्यारांच्या नावांसारखा, आणि तो खरोखर समृद्ध आहे.

एकोणीस आणि इन्युइन्याक

पुनरुज्जीवनाच्या चर्चेत एक प्रसंग हमखास सांगितला जातो, आणि सांगण्यासारखाच आहे. इन्युपियाक मोजणी विसाच्या पायावर चालते. पाच म्हणजे तल्लिमात, ज्याचे नाते हाताशी. दहा कुलित, पंधरा अकिमियाक, आणि वीस इन्युइन्याक, म्हणजे हातापायांची सगळी बोटे मोजून झालेला अख्खा माणूस. नऊ, चौदा आणि एकोणीस हे ‘एक कमी’ अशा पद्धतीने सांगतात. आपण ‘एकोणीस’ म्हणतो तेव्हा नेमके हेच करतो, एक उणे वीस, आणि कोडीने मोजणाऱ्या आपल्या जुन्या बाजारालाही वीस परके नव्हते. १९९४ साली काक्तोविक या तीनेकशे वस्तीच्या गावातील माध्यमिक वर्गातल्या मुलांना जाणवले की शाळेतले दहाच्या पायाचे अंक त्यांच्या मोजणीला बसत नाहीत. त्यांनी शिक्षक विल्यम बार्टली यांच्यासह नवे अंक घडवले: वरच्या तिरप्या रेघा पाचांच्या, खालच्या उभ्या रेघा एकांच्या, पेन्सिल न उचलता काढता येतील अशा. शून्याला शब्द नव्हता, तर त्यासाठी जणू हात एकमेकांवर आडवे टाकावेत तशी खूण केली. बेरीज करताना रेघा डोळ्यांनी एकत्र येताना दिसतात. आकृतीच उत्तर सांगते. १९९८ साली इन्युइट लोकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने या अंकांना पाठिंबा दिला आणि २०२२ साली ते युनिकोडमध्ये आले.

या अंकांकडे दोन दृष्टींनी पाहिले जाते. एका मते ते दाखवून देतात की भाषा म्हणजे जतन करायचा वारसा नव्हे, तीत नवी निर्मिती होऊ शकते, आणि ती मुलेही करू शकतात. दुसरे मत सावध आहे: अंक शिकल्याने भाषा येत नाही, अंक हे भाषेचे चिन्ह होते, संभाषण होत नाही. दुसऱ्या मताशी मी बराचसा सहमत आहे. पण एक गोष्ट नोंदवावी लागते. काक्तोविकच्या मुलांना आपल्या मोजणीचा पाया वेगळा आहे हे जाणवले, ते वर्गात इन्युपियाक संख्याशब्द शिकवले जात होते म्हणून. आधी भाषा, मग अंक. क्रम उलटा करून चालणार नाही.

बालवाडी, घर आणि मधला माणूस

पुनरुज्जीवनाच्या बाजूने आज तीन मुख्य भूमिका आहेत. पहिली म्हणते, भाषा लहान मुलांना द्या. न्यूझीलंडच्या माओरी आणि हवाईच्या लोकांनी ‘भाषेची घरटी’ उभारली, त्याच धर्तीवर कोट्झेब्यूला १९९८ साली निकाइचुआत इलिसाग्वियात ही इन्युपियाक माध्यमाची बालवाडी निघाली. उत्कियाग्विकच्या इलिसाग्विक महाविद्यालयानेही असे घरटे चालवले आहे. दुसरी म्हणते, भाषा तंत्रज्ञानात आणि करमणुकीत आणा. कळफलक, संगणकावरचे धडे, समाजमाध्यमांचे इन्युपियाक रूप, आणि २०१४ साली आलेला ‘किसिमा इन्गिचुना’ हा व्हिडिओ खेळ, ज्यात मूळ कथा इन्युपियाक निवेदनातून ऐकू येते आणि खाली अनुवाद दिसतो. तिसरी म्हणते, भाषा जिथे अजून जगते तिथून सुरू करा: देवमाशाच्या शिकारीची होडी, शिकारीनंतर मांस वाटणारी घरे, जूनमधला नालुकाताक उत्सव.

तिन्ही भूमिकांना पुरावा आहे आणि तिन्हींना एकच अडचण येते. बालवाडीतून मूल सहाव्या वर्षी बाहेर पडते आणि इंग्रजी शाळेत जाते. घरी आईबापांना भाषा बोलता येत नसेल तर मुलाला उत्तर द्यायला कोणी नसते. खेळातली भाषा ऐकायला मिळते, तिला प्रत्युत्तर द्यावे लागत नाही. आणि शिकारीच्या होडीतले शब्द होडीत राहतात, स्वयंपाकघरात येत नाहीत. म्हणून मधली पिढी. या पिढीकडे ध्वनी आहेत, लय आहे, शेकडो शब्दांची ओळख आहे, आणि मुख्य म्हणजे दिवसाचे बारा तास मुलांबरोबर घालवायची संधी आहे. तिचा प्रश्न शिकण्याइतकाच संकोचाचा आहे. ज्याला भाषा समजते त्याच्याकडून म्हातारी माणसे शुद्ध बोलण्याची अपेक्षा करतात, आणि चुकीचा प्रत्यय लागला की हसू येते. एका शब्दात अख्खे वाक्य मावणाऱ्या भाषेत चुकायच्या जागाही जास्त.

यावर आक्षेप असा घेतला जातो की प्रौढ माणूस भाषा नीट शिकत नाही, आणि पैसा व शिक्षक मोजके असताना तो त्याच्यावर खर्चणे म्हणजे वेळ घालवणे. मुलांवर खर्च केला तर त्याचे फळ पन्नास वर्षे मिळते. आक्षेप रास्त आहे, पण ज्या उदाहरणावर तो उभा आहे तेच त्याच्या विरुद्ध जाते. हवाईतील पूनाना लेओ बालवाड्या १९८४ पासून निघाल्या, आणि त्यांनी पालकांना भाषेचे वर्ग करणे आणि शाळेत काम करणे बंधनकारक केले. त्यांचे यश मुलांचे म्हणून सांगितले जाते, पण ती व्यवस्था दोन पिढ्यांना एकत्र शिकवणारी होती. शिवाय ‘समजते पण बोलत नाही’ असा प्रौढ शून्यापासून सुरू करत नाही. त्याला लागणारा वेळ नवख्यापेक्षा कमी असायला हवा. किती कमी, हे मोजल्याशिवाय बोलता येणार नाही. आणि कितीजण असे आहेत, हे मोजण्याचा प्रश्नच जनगणनेच्या पाहणीत नाही, याकडे सुरुवातीला लक्ष वेधले आहे.

कायदा, पैसा आणि ग्रीनलंड

अधिकृत दर्जाने काय साधते, यावर मतभेद आहेत. एप्रिल २०१४ मध्ये समर्थकांनी जुनो येथील विधानभवनात रात्रभर ठाण मांडले आणि पहाटे सिनेटने १८ विरुद्ध २ मतांनी इन्युपियाकसह वीस मूळ भाषांना अधिकृत भाषांचा दर्जा देणारे विधेयक संमत केले. शासनाला त्या भाषांतून कागद काढण्याचे बंधन मात्र नाही, हे त्याच कायद्यात लिहिले आहे. २०१८ साली राज्यपालांनी भाषांसाठी आणीबाणीही जाहीर केली. टीकाकारांना हे सारे प्रतीकात्मक वाटते. समर्थक म्हणतात, ज्यांना या भाषेसाठी मार बसला त्यांच्यासाठी प्रतीक हेही काही कमी नाही.

पैशाचा मुद्दा त्याहून गुंतागुंतीचा आहे. १९६८ साली प्रुडो बेला तेल सापडले, १९७१ च्या कायद्याने मूळनिवाशांना सुमारे ४.४ कोटी एकर जमीन आणि ९६ कोटी डॉलरहून थोडी जास्त भरपाई मिळाली आणि तिच्या व्यवस्थापनासाठी प्रादेशिक कंपन्या निघाल्या. १९७२ साली एबेन हॉप्सन यांच्या पुढाकाराने नॉर्थ स्लोप बरो ही स्थानिक सत्ता स्थापन झाली, तेलावर कर बसवून श्रीमंत झाली, आणि गावांच्या शाळा तिच्या हाती आल्या. म्हणजे शाळा घरची, पैसा घरचा, निवडून आलेले लोक घरचे, आणि तरीही बोलणाऱ्यांचे सरासरी वय वाढतच गेले. ज्यांना वाटते की सत्ता व निधी मिळाला की भाषा आपोआप टिकते, त्यांच्यासाठी हे अवघड उदाहरण आहे. ग्रीनलंडशी तुलना केली तर थोडे कळते. तिथल्या इन्युइट भाषेचे व्याकरण मिशनरी सॅम्युएल क्लाइनश्मिट यांनी १८५१ साली लिहिले, १८६१ पासून त्या भाषेत वृत्तपत्र निघते, धर्मशिक्षक त्याच भाषेतून तयार झाले, आणि २००९ पासून ती एकमेव अधिकृत भाषा आहे. म्हणजे दीड शतक प्रौढ माणसाचे लिहिण्या-वाचण्याचे काम त्या भाषेतून होत आले. अलास्कात सत्ता आली तेव्हा संचालक मंडळाची बैठक आणि ताळेबंद इंग्रजीतच होते. ही तुलना सरळ करता येत नाही, हेही मान्य करावे लागते. ग्रीनलंडात इन्युइट बहुसंख्य आहेत, अलास्कात ते स्वतःच्या राज्यात अल्पसंख्य.

काय जाते

भाषा गेली तर ज्ञान जाते, हा युक्तिवाद उत्तरेकडे एका खटक्यामुळे फार वजनदार झाला. १९७७ साली आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने बोहेड देवमाशाच्या शिकारीवर बंदी घातली, कारण शास्त्रज्ञांच्या अंदाजाने ६०० ते २,००० मासेच उरले होते. शिकाऱ्यांनी आपला आयोग स्थापन केला आणि म्हटले: तुम्ही फक्त मोकळ्या पाण्यातले मासे मोजता, बर्फाखालून आणि किनाऱ्यापासून लांबून जाणारे तुम्हाला दिसत नाहीत. बॅरोचे थोरले हॅरी ब्राउअर आणि शास्त्रज्ञ थॉमस अल्बर्ट यांच्या संवादातून मोजणीची पद्धत बदलली, पाण्याखाली ध्वनिग्राहक सोडले गेले, आणि शिकारी खरे ठरले. २०११ च्या मोजणीत आकडा सतरा हजारांच्या जवळ गेला.

या प्रसंगातून काही जण निष्कर्ष काढतात की ज्ञान भाषेतच असते. मला तो थोडा घाईचा वाटतो. ब्राउअर यांनी शास्त्रज्ञांना सांगितले ते इंग्रजीत, आणि ते इंग्रजीत कळले. म्हणजे भाषांतर झाले, आणि पुरेसे झाले. पण विरुद्ध टोकाचे मत, की भाषा हे निव्वळ पाकीट आहे आणि आतला मजकूर दुसऱ्या पाकिटातही जातो, तेही इथे टिकत नाही. ब्राउअर यांचे ज्ञान अनेक दशके इन्युपियाकमधून ऐकत, विचारत, चेष्टा सहन करत जमले होते. जमलेले ज्ञान दुसऱ्या भाषेत सांगता येते. जमवण्याची प्रक्रिया दुसऱ्या भाषेत तशीच चालेल का, याचे उत्तर आज तिशीतले शिकारी देतील, कारण त्यांच्यापैकी बहुतेकांना ही भाषा बोलता येत नाही आणि ते तरीही दर वसंतात बर्फावर जातात.

उरलेले प्रश्न पुष्कळ आहेत. शहरांचा विचार फारसा झालेला नाही: इन्युपियात मोठ्या संख्येने अँकरेजमध्ये राहतात, आणि तिथे ना शिकारीची होडी आहे ना गावची आजी. बोलींच्या वादाला तोडगा नाही. वेल्सचा समुद्रबर्फाचा कोश ज्या बर्फाचे वर्णन करतो तो आता उशिरा धरतो आणि लवकर फुटतो, त्यामुळे काही शब्द शिकवायचे तर दाखवायला वस्तू उरलेली नाही. आणि कोट्झेब्यूच्या बालवाडीतून बाहेर पडलेली पहिली मुले आता तिशीच्या आसपास आहेत. त्यांच्यापैकी कितीजण आपल्या लेकरांशी इन्युपियाक बोलतात, हे मोजले गेले तर वरच्या बऱ्याच वादांची उत्तरे त्या एका आकड्यात सापडतील.